कोणता व्यायाम मानवतो, हे वहीवरून ठरवा

‘कुठला व्यायाम करू?’ असं विचारणाऱ्या बहुतेकांनी त्याआधी दोन-तीन व्यायाम सोडलेले असतात. जिमची वर्षाची फी भरून झालेली असते, उड्या मारायची दोरी पलंगाखाली गेलेली असते. का सोडलं म्हणाल तर ‘नाही जमलं’. जरा खोदून विचारलं की कळतं, ‘धावणं आवडत नाही’ म्हणणारा पहिल्याच दिवशी जीव तोडून पळाला होता. ‘चालणं आवडतं’ म्हणणारा मित्राबरोबर गप्पा मारत, मध्ये चहा पिऊन, रमतगमत फिरून आला होता. ही तुलना म्हणजे एक पिकलेला आंबा आणि दुसऱ्या झाडाची कैरी चाखून कुठली जात गोड ते ठरवणं.

दुसरी चूक याहून नकळत होते. आपण ‘कसं वाटलं?’ हे व्यायाम संपल्यावर विचारतो. संपल्यावर जवळजवळ सगळ्यांनाच बरं वाटतं, कारण ते संपलेलं असतं. त्या घटकेला विचारलं तर प्रत्येक व्यायाम पास होतो. व्यायाम चालू असताना मन कसं होतं, हे जास्त कामाचं. फारशी हालचाल नसलेल्या प्रौढांवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मध्यम व्यायाम चालू असतानाच्या भावनेचा संबंध सहा आणि बारा महिन्यांनंतर ती माणसं किती हालचाल करत होती याच्याशी लागला होता.

म्हणून ही रीत: चार आठवडे, तीन व्यायाम, दोन आकडे. खाली दिलेला क्रम मोडू नका. लोक टप्पा दोन आणि चार गाळतात आणि मग वही खोटं बोलते.

## टप्पा १: तयारी

शंभर पानी वही घ्या. ॲपही चालेल, पण ॲप उघडलं की पावलं, कॅलरी, शेजाऱ्याची पावलं असं सगळं समोर येतं आणि आपला आकडा त्यांच्याकडे बघून बदलतो. वहीला डोळे नसतात.

पहिल्या पानावर दोन पट्ट्या लिहा.

श्रमाची पट्टी, ० ते १०. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या पट्टीवरून घेतलेली:

- ० – खुर्चीत बसलोय
- १ – अगदी हलकं
- २ – हलकं
- ३ – मध्यम
- ५ – जड
- ७ – फार जड
- १० – याहून जास्त आजवर कधी लागलं नाही

मधले आकडे मधल्या जागांसाठी. हृदयरोगानंतरच्या व्यायामवर्गात कधी कधी बोर्गचीच ६ ते २० अशी जुनी पट्टी वापरतात. तिथला १३ म्हणजे ‘थोडं जड’. दोन्ही पट्ट्या एका वहीत मिसळू नका.

मनाची पट्टी, उणे ५ ते अधिक ५. अधिक ५ म्हणजे फार छान, अधिक ३ छान, अधिक १ बरं. शून्य म्हणजे ना बरं ना वाईट. उणे १ जरा नकोसं, उणे ३ वाईट, उणे ५ अगदी असह्य.

या दोन पट्ट्या वेगळ्या आहेत, हेच लोकांना लवकर पटत नाही. श्रम ५ असताना मन अधिक ३ असू शकतं. श्रम २ असताना मन उणे १ असू शकतं. बंद खोलीत भिंतीकडे बघत स्थिर सायकल मारून पाहा.

तिसरा एक छोटा रकाना ठेवा: ‘दुखणं’. गुडघा, टाच, कंबर जे असेल ते. दुखणं श्रमाच्या आकड्यात घालायचं नाही. गुडघा दुखतोय म्हणून श्रम ७ लिहिला, तर महिनाभरानं वही म्हणेल की चालणं तुम्हाला झेपत नाही, आणि खरी गोष्ट बुटाची असेल.

सावधान. हृदयविकार, न आवरलेला रक्तदाब, मधुमेहासाठी इन्शुलिन, गरोदरपण किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. व्यायामात छातीत दाब वा दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीपेक्षा वेगळा दम यांपैकी काहीही झालं तर थांबा. ही लक्षणं वहीत नोंदवून ‘बघू पुढच्या वेळी’ म्हणायची नसतात, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची असतात. छातीतला दाब थांबूनही जात नसेल, तर थेट हॉस्पिटल. नैराश्याचे उपचार चालू असतील तर व्यायामाची मदत होते, पण वहीतला मनाचा आकडा सुधारला म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.

## टप्पा २: अंगाला आकडे शिकवा

हा एका दिवसाचा टप्पा आहे आणि नव्वद टक्के चुका तो गाळल्यामुळे होतात. (नव्वद हा माझा अंदाज, मोजलेला नाही.)

पट्टीची दोन टोकं आधी स्वतःच्या आठवणीत पक्की करा. शून्य सोपं आहे: पाच मिनिटं पडून राहा, तो शून्य. दहासाठी आयुष्यातला सगळ्यात दमवणारा प्रसंग शोधा. कुणाला भर उन्हात सिंहगडाचा शेवटचा चढ आठवतो, कुणाला पाठीवर सामान घेऊन सुटलेल्या लोकलमागे पळालेलं. कुणाला लिफ्ट बंद असताना चौथ्या मजल्यावर चढवलेला भरलेला सिलिंडर. तो प्रसंग पट्टीवर १० शेजारी दोन शब्दांत लिहा. हे न करता आकडे दिले की सगळे ४ ते ६ मध्ये घोटाळत राहतात.

मग घराबाहेर पडून वीस मिनिटं चाला. पाच मिनिटं रमतगमत, पाच मिनिटं बस चुकेल अशा बेतानं, पाच मिनिटं जमेल तितकं झपझप, पुन्हा पाच मिनिटं सावकाश. प्रत्येक भागाच्या शेवटी दोन्ही आकडे.

तपासणी. झपझप चालताना बाराचा पाढा मोठ्यानं म्हणा. एका दमात ‘बारा दाहे’पर्यंत आरामात गेलात तर श्रम २ च्या आसपास. ‘बारा चोक अठ्ठेचाळीस’ला श्वास घ्यावा लागला, पण पुढे म्हणता आलं, तर ३ ते ४. ‘बारा दुणे’लाच तुटलात तर ५ च्या वर. तुम्ही लिहिलेला आकडा आणि पाढा यांचं जमत नसेल तर आकडा पुन्हा शिका, पाढ्यावर शंका घेऊ नका. (रस्त्यात लोक बघतात. बघू द्या.)

## टप्पा ३: तीन व्यायाम निवडा

तीनच. पाच निवडणारे दुसऱ्या आठवड्यात वही विसरतात.

तिन्ही एकाच घराण्यातले नकोत. चालणं, धावणं आणि ट्रेडमिल घेतलंत तर एकाच गोष्टीची तीनदा परीक्षा होईल. असे घ्या:

1. एकट्यानं, एका लयीत चालणारा: चालणं, सायकल, पोहणं, टेकडी.
2. माणसांबरोबरचा: बॅडमिंटन, कबड्डी, झुंबाचा वर्ग, लेझीम, सोसायटीतला क्रिकेटचा डाव.
3. अंगाच्या ताकदीचा किंवा कौशल्याचा: सूर्यनमस्कार, जोर-बैठका, वजनं, मल्लखांब.

निवडताना ‘किती कॅलरी जळतात’ हा प्रश्न बाजूला ठेवा. जो व्यायाम फेब्रुवारीत सुटतो त्याच्या कॅलरी मार्चमध्ये शून्य असतात. आणि तिन्हींपैकी एक तरी असा घ्या की जो ‘आपल्याला आवडणार नाही’ असं तुम्हाला वाटतं. व्यायाम किती आवडेल याचा आधी बांधलेला अंदाज बहुधा खालचा असतो, कारण डोळ्यांसमोर सुरुवातीची नकोशी दहा मिनिटंच येतात.

## टप्पा ४: तिन्ही एकाच श्रमावर आणा

या लेखातून एकच टप्पा करणार असाल तर हा करा.

कारण साधं आहे. बोलता येईल इतक्या श्रमात माणसामाणसांत फरक दिसतो: एकाला अधिक ३ वाटतं, दुसऱ्याला शून्य. तिथेच आवड-नावड कळते. बोलणं तुटायला लागलं, म्हणजे श्वासाचा उंबरा ओलांडला, की मनाचा आकडा बहुतेकांचा घसरतो, व्यायाम कुठलाही असो. उंबऱ्यापलीकडे जाऊन ‘मला धावणं आवडत नाही’ म्हणणं म्हणजे हात भाजल्यावर ‘मला स्वयंपाक आवडत नाही’ म्हणणं.

म्हणून तिन्ही व्यायाम श्रम ३ ते ४ वर आणायचे, प्रत्येकी २५ ते ३० मिनिटं.

चालणं: वेग किंवा चढ वाढवून ३ वर आणा. सपाटीवर ३ येत नसेल तर टेकडीचा हलका चढ घ्या.

धावणं: नवख्याला सलग धावून ४ वर राहणं जवळजवळ अशक्य असतं. एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला. याला ‘खरं धावणं नाही’ म्हणणारे भेटतील. त्यांचे गुडघे त्यांना लखलाभ.

सूर्यनमस्कार: एका स्थितीला एक श्वास. आकडा गाठायच्या नादात वेग वाढतो आणि श्रम ६ वर जातात. या महिन्यात नमस्कार मोजू नका, मिनिटं मोजा.

वजनं आणि जोर: श्रम प्रत्येक फेरीच्या शेवटी वर जातात आणि विश्रांतीत खाली येतात. फेरी संपल्यासंपल्याचा आकडा लिहा आणि तो ५ पर्यंत चालवून घ्या. आणखी दोन-तीन जोर निघाले असते, अशा ठिकाणी थांबा.

खेळ: इथे श्रम आपल्या हातात राहत नाहीत. तोडीचा जोडीदार घ्या, किंवा दुहेरी खेळा.

सावधान. आवडत्या खेळात श्रम कमी वाटतात, पण हृदयाला ते कमी पडत नाहीत. लक्ष शटलवर असतं, श्वासावर नसतं. बॅडमिंटनच्या कोर्टवर ‘श्रम ४’ लिहिणाऱ्याला पाढा म्हणायला लावा, ‘बारा दुणे’ला तुटतो. चाळिशीनंतर बऱ्याच वर्षांनी पुन्हा रॅकेट हातात घेणाऱ्यांनी दर गेमनंतर पाढ्याची तपासणी करावीच. उलट, रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्या असतील तर नाडीवर विसंबू नका. त्या गोळ्यांनी नाडी मंदावते. तिथे श्रमाचा आकडा आणि बोलणं हेच मोजमाप.

## टप्पा ५: नोंद चार वेळा

1. सुरू करण्यापूर्वी: फक्त मन. बूट घालायच्या आधी.
2. दहाव्या मिनिटाला: श्रम आणि मन.
3. विसाव्या मिनिटाला: श्रम आणि मन. थांबून नव्हे, चालू असतानाच. मोबाईलवर बोलून ठेवा: ‘तीन, अधिक दोन’. नंतर वहीत उतरवा.
4. संपल्यावर वीस मिनिटांनी: फक्त मन. घाम वाळल्यावर, आंघोळीच्या आधी.

चौथी नोंद संपल्या क्षणी करू नका. तेव्हा जे वर उसळलेलं दिसतं, त्यात सुटकेचा आनंद बराच असतो.

शेजारी एक ओळ परिस्थितीची: झोप किती तास, ऊन होतं का, चहा-कॉफी आधी घेतली का, दिवसभर डोकं किती शिणलं होतं. डोक्याचा शीण फुकटचा समजू नका. सॅम्युएले मार्कोरा या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केलेल्या प्रयोगात नव्वद मिनिटं डोक्याला ताण देणारं काम करून सायकल चालवणारे लवकर थकले. हृदयाचे ठोके नेहमीसारखेच होते. श्रम तेवढे जास्त वाटत होते. महिनाअखेरीला हिशेब जुळवून संध्याकाळी जिमला गेलेल्या माणसाला त्याच वजनाचा डंबेल जड लागतो तो यामुळे. कॉफीनं उलट होतं, श्रम जरा कमी भासतात. म्हणून चारही आठवडे कॉफी घ्यायची तर रोज, नाहीतर रोज नाही.

## टप्पा ६: चार आठवड्यांचं वेळापत्रक

प्रत्येक व्यायाम आठवड्यातून एकदा, म्हणजे आठवड्याला तीन दिवस. क्रम फिरवत राहा. नाहीतर एकच व्यायाम कायम सोमवारी येतो आणि सोमवारचं दुःख त्याच्या नावावर चढतं.

वेळ एकच ठेवा. चालणं पहाटे गारव्यात आणि जोर-बैठका दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये, असं केलंत तर वही तुम्हाला हवामान सांगेल.

पहिल्या आठवड्यातले तिन्ही दिवस हिशेबात धरू नका. नवीन हालचाल अंगाला परकी असते, दोन दिवस पोटऱ्या धरतात, झुंब्यात डावा-उजवा पाय चुकतो. नोंदी करा, पण त्यावर रेघ मारा. बहुतेक निर्णय याच आठवड्यात घेतले जातात, आणि घ्यायचे नसतात ते याच आठवड्यात.

गाण्यांचं काय? हलक्या-मध्यम व्यायामात आवडीच्या गाण्यांनी श्रम थोडे कमी वाटतात आणि मन वर राहतं. श्रम फार वाढले की श्रमावरचा परिणाम ओसरतो. म्हणून या महिन्यात तिन्ही व्यायाम गाण्यांशिवाय. हे ऐकल्यावर बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. गाणी टप्पा ८ मध्ये परत मिळतील. झुंबा निवडला असेल तर त्यातलं संगीत त्या व्यायामाचाच भाग धरा.

## टप्पा ७: वही वाचा

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यापर्यंत प्रत्येक व्यायामाच्या तीन-तीन नोंदी होतात. सरासरी काढायची गरज नाही. शेजारी शेजारी मांडा आणि विसाव्या मिनिटाच्या मनाच्या आकड्यावर बोट ठेवा. निवड त्यावरून.

माझ्याच वहीतलं सांगतो. टेकडी, सूर्यनमस्कार आणि बॅडमिंटन असे तीन होते. मी स्वतःला टेकडीवाला समजत होतो. वहीत टेकडी तिन्ही वेळा श्रम ३, मन अधिक १. वाईट नाही, पण फिकं. बॅडमिंटन श्रम ४, मन अधिक ३ (पाढ्यानं मात्र माझे श्रम ५ ठरवले). सूर्यनमस्कारांत विसाव्या मिनिटाला उणे १ आणि संपल्यावर वीस मिनिटांनी अधिक ३. नुसती शेवटची नोंद पाहिली असती तर नमस्कारांना पहिला नंबर दिला असता, आणि दोन महिन्यांत सोडले असते, जसे आधी तीनदा सोडले होते.

वाचताना चार प्रकार दिसतील. चालू असतानाही वर आणि नंतरही वर: हा तुमचा. चालू असताना खाली, नंतर वर: हा सुधारता येतो, टाकू नका. चालू असताना वर, नंतर खाली: खाणं, झोप किंवा अति श्रम यांपैकी काही तरी चुकतंय; पुन्हा तपासा. दोन्ही वेळा खाली: सोडून द्या, अपराधी वाटून घेऊ नका.

तपासणी. श्रमाचे रकाने पाहा. एका व्यायामाचे श्रम ३ आणि दुसऱ्याचे ६ असतील, तर टप्पा ४ फसलाय. निष्कर्ष काढू नका, जास्त श्रमाचा व्यायाम हलका करून आणखी एक आठवडा काढा.

## टप्पा ८: मधल्या व्यायामाला वळण लावा

मधला म्हणजे चालू असताना खाली आणि नंतर वर जाणारा. त्यात एका वेळी एकच बदल. दोन नोंदी झाल्या की पुढचा.

आधी वेग उतरवा. आपण होऊन निवडलेला वेग आणि लादलेला वेग यांत मोठा फरक पडतो. मध्यमवयीन, बैठ्या जीवनशैलीच्या स्त्रियांवरच्या एका प्रयोगात ट्रेडमिलचा वेग त्यांनी स्वतः निवडलेल्या वेगापेक्षा फक्त १० टक्क्यांनी वाढवला, तेवढ्यानंही चालताना वाटणारं बरेपण घसरत गेलं. ट्रेनर शेजारी उभा राहून ‘अजून एक’ म्हणत असेल तर त्याला नम्रपणे सांगा की आकडा मी ठरवणार. माझ्या नमस्कारांचं उणे १ याच एका बदलानं अधिक २ वर आलं.

मग शेवट हलका करा. आपण बहुतेक जण उलट करतो: सावकाश सुरुवात, शेवटी जीव काढणं. शरीर नीट तापवून घ्या, जड भाग पहिल्या अर्ध्यात उरका, मग हळूहळू उतरत या. श्रम साधारण तेवढेच होतात, पण आठवण गोड राहते. टेकडीचा चढ आधी आणि उतार नंतर येतो, तिथे ही सोय आपोआप होते. जिन्यांच्या व्यायामात ती करून घ्यावी लागते.

मग गाणी किंवा सोबत. दोन्ही एकदम नको. सोबतीचा माणूस तुमच्यापेक्षा फार तेज असेल तर श्रम वाढतात आणि तुम्ही लाजेखातर ३ लिहिता.

## टप्पा ९: नावडत्याला थोडी जागा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम, आणि शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. नुसतं बॅडमिंटन आवडतं म्हणून ताकदीला रजा मिळत नाही.

नावडता व्यायाम वेगळ्या दिवशी ठेवू नका, तो दिवस बुडतोच. आवडत्याच्या आधी दहा-बारा मिनिटं चिकटवा: कोर्टवर जायच्या आधी बैठका आणि भिंतीला टेकून जोर. नंतर ठेवलात तर शेवट कडू होतो आणि टप्पा ८ मधली कमाई जाते. श्रम ५ वर थांबा.

मिनिटं आधी वाढवा, श्रम नंतर. तीस मिनिटं मन वर राहून जमू लागली, की मध्ये एक-दोन मिनिटांचे श्रम ६ चे तुकडे घाला, प्रत्येकानंतर दुप्पट विश्रांती. मनाचा आकडा सलग तीन वेळा शून्याखाली गेला तर तुकडे काढून टाका, व्यायाम ठेवा.

वही संपली असं समजू नका. जून लागला की टेकडीची वाट निसरडी होते, मैदानात पाणी साचतं, आणि मे महिन्यात अधिक ३ देणारी गोष्ट घरात करता येत नाही. पावसाच्या पहिल्या आठवड्यात दोन घरातले व्यायाम घेऊन टप्पा ४ पासून पुन्हा सुरू करा. पट्टीवरच्या १० शेजारी लिहिलेला प्रसंग मात्र एकदा वाचून घ्या. माझा गेल्या वर्षी बदलावा लागला: राजगड उतरून एसटीसाठी पळालो होतो.